मरणाचा दाखला आणि दोन घोट पाणी

मालक गेले त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. सांजेला दिवा लावायचे, तोही आत्याबाईंचं लक्ष असायचं म्हणून. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. हात जोडले तरी मनात काही उठत नसे, आणि उठलाच तर राग उठायचा. मालक म्हणजे माझे यजमान, आत्याबाईंचा थोरला मुलगा. आमचं गाव इस्लामपूरच्या पुढं, शिराळ्याच्या रस्त्याला. तिथं ते विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. दर पौर्णिमेला सायकल काढून औदुंबरला दत्ताच्या पायाशी जाऊन यायचे. ऊन म्हणायचे नाहीत, पाऊस म्हणायचे नाहीत. एवढं करून चाळिशी ओलांडली न ओलांडली तोच पोटाच्या दुखण्यानं गेले. मग कुणी मला 'देवाची इच्छा' म्हणून समजावायला आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझी जीभ आधीच तिखट, त्यात दुःख. दोघीतिघींना तर मी तोंडावरच बोलले. आज लाज वाटते, पण झालं ते सांगायलाच बसले आहे, तर तेही सांगते.

ही पंचाहत्तर सालाच्या आगेमागची गोष्ट. पौष महिना होता. मिरजेच्या दवाखान्यात अठरा दिवस काढल्यावर डॉक्टरांनी मला आणि माझ्या दिरांना बाजूला घेतलं आणि आता घरी न्या म्हणाले. भावजी पलटणीत होते, रजेवर आले होते. आमच्यात माणसानं आपल्या घरात, आपल्या जमिनीवर जीव सोडावा आणि आईनं तुळशीचं पाणी तोंडात घालावं, असं मानतात. वाटेवर मरण येणं वाईट, घरादाराला बोल लागतो. म्हणून आम्ही जीप ठरवली आणि दुपारी निघालो. सांगली सोडली तशी जीप तापायला लागली आणि आष्ट्याच्या अलीकडं वाफा सोडून उभीच राहिली. ड्रायव्हरनं पाणी मागितलं. माझ्याजवळ मालकांसाठी भरून घेतलेली कळशी होती. लवकर पोचायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. मीच म्हणाले, हे घाला, पण गाडी चालू करा. त्यानं सगळी कळशी इंजिनात ओतली. तरी गाडी काही हलली नाही.

थोड्या वेळानं मालकांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. माझ्या हातात रिकामी कळशी. भावजी आणि ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून उभे. रस्त्याच्या कडेला एका रानात धनगरांनी मेंढरं बसवली होती, पण तिकडं जायचं मला सुचलंच नाही. पलीकडं लांब एक विहीर दिसत होती, तिकडं मी अनवाणी पळत सुटले. पाणी घेऊन परत आले तेव्हा धनगराची एक म्हातारी जीपमध्ये चढून बसली होती. मालकांचं डोकं तिच्या मांडीवर, तिच्या हातात तांब्या. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "गेलं गं लेकरू." मी तिला एक शब्द विचारला नाही. उलट परक्या बाईच्या मांडीवर माझ्या नवऱ्याचं डोकं, याचाच मला राग आला. मी ते ओढून माझ्या मांडीवर घेतलं. म्हातारीच्या नवऱ्यानं भावजींना नाव, गाव, धंदा, कुठून आलात ते विचारलं, ते त्यांनी सांगितलं, आणि तासाभरानं गाडी चालू झाली तशी आम्ही निघालो.

दिवेलागणीला घरी पोचलो. आत्याबाई दुपारपासून तुळशीचं पान घातलेला तांब्या घेऊन उंबऱ्यात बसून होत्या, ते मला लांबूनच दिसलं. त्यांचं ते तोंड बघितलं आणि माझ्याही नकळत माझ्या तोंडून गेलं, "आत्याबाई, अजून धुगधुगी हाय, पाणी घाला." भावजींनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. आत्याबाईंनी पाणी घातलं. बरंचसं गालावरून खाली आलं. त्या म्हणाल्या, "घेतलं बाळानं." त्या दिवसापासून जो दुखवट्याला येईल त्याला त्या हेच सांगत होत्या, की माझ्या हातचं पाणी घेऊन गेला. तेवढ्या एका शब्दावर त्या तग धरून होत्या. ग्रामसेवकाकडंही भावजींनी तेच लिहवलं, मृत्यू राहत्या घरी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट एक बरं काम आपल्या हातून झालं, असंच वाटलं.

पुढं खर्च सुरू झाला. जीपचं भाडं, सरपणाची गाडी, कापड, दहाव्याचं सगळं, भटजींची दक्षिणा, तेराव्याला भावकी आणि पाहुण्यांचं गोडाचं जेवण. मालकांच्या आजारपणात घरातलं होतं नव्हतं ते मिरजेला गेलेलं. भावजी म्हणाले, साधं करू. आत्याबाईंना ते पटेना, आणि खरं सांगते, मलाही पटेना. लोक काय म्हणतील ही भीती मेल्यावरही माणसाचा पाठलाग सोडत नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी माझी धाकटी जाऊ आत आली आणि स्वतःच्या पाटल्या नि बोरमाळ माझ्या ओटीत टाकून गेली. तिच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, माहेरचे दागिने होते ते. मी नको नको म्हणाले, तर म्हणाली, "आक्का, विम्याचं आलं की सोडवू की." मालकांनी आदल्या साली इस्लामपूरच्या एका एजंटाच्या सांगण्यावरून विमा उतरवला होता, त्याच्या भरवशावर ती बोलत होती. वैशाखात तिच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं. तोवर सहज सुटतील, असा सगळ्यांचाच हिशेब होता. दागिने इस्लामपूरला सराफाकडं गहाण पडले, तेरावं थाटात झालं, आणि भावजी रजा संपली म्हणून पलटणीत गेले.

एजंट भला माणूस. त्यानंच अर्ज भरून दिला, कागद साताऱ्याच्या ऑफिसला पाठवले. पण विमा नवा असला आणि माणूस लवकर गेला, तर ऑफिसातून चौकशी होते, असं तो म्हणाला. तशी झाली. एक साहेब आले, हडकुळे, हळू बोलणारे, हातात छत्री. त्यांनी मिरजेचे कागद बघितले होते. शेजाऱ्यांना विचारलं, तर शेजारच्या काकांनी सरळ सांगितलं, की गाडीतून उतरवला तेव्हाच अंग गार होतं. काका खोटं बोलणारा माणूस नव्हे. मग साहेबांनी आत्याबाईंना विचारलं. आत्याबाईंनी सगळं सविस्तर सांगितलं, तांब्या, तुळस, पाणी, आणि कागदावर अंगठा उठवला. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. खरं ओठांवर आलं होतं, पण त्यांच्या देखत बोलणार कशी?

पंधरा दिवसांत पत्र आलं, मृत्यूची जागा आणि वेळ यांचा मेळ बसत नाही, सबब प्रकरण राखून ठेवलं आहे. मी दोनदा एस.टी.नं साताऱ्याला गेले. तिथले कारकून माझ्याशी वाकडं बोलले नाहीत. "बाई, तुमचा माणूस गेला, याबद्दल शंका नाही. पण कुठं गेला आणि कधी गेला, हे कागदावर एकच पाहिजे," एवढंच ते म्हणत. मी बाकावर बसून राहायचे आणि परतीच्या गाडीत स्वतःलाच शिव्या घालायचे. खरं सांगावं तर खोटी नोंद केल्याबद्दल भावजींची नोकरी अडचणीत येईल का, ही भीती. त्याहून मोठी भीती आत्याबाईंची. एका म्हातारीजवळ मुलाच्या शेवटच्या घोटाशिवाय काही उरलं नव्हतं, तो घोट मी काढून घेऊ? आणि न सांगावं तर जावेचे दागिने बुडणार. फाल्गुन गेला, चैत्र लागला. जाऊ काही बोलत नसे, तिचे मोकळे हात मात्र मला रोज दिसत.

चैत्र पौर्णिमेला मी घरात कुणाला न सांगता औदुंबरला गेले. दर्शनाला गेले असं म्हणणार नाही, भांडायलाच गेले होते. घाटावर गर्दी होती. मी एका कडेला पायरीवर बसले, कृष्णेकडं बघत, आणि मनातल्या मनात जे तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या माणसानं आयुष्यभर सायकल मारली आणि त्याला घोटभर पाण्यासाठी तडफडत नेलंस. आता निदान एवढं कर, ते प्रकरण मिटव, पैसे येऊ देत, माझा शब्द राहू दे. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग बोलून बोलून मी थकले. आणि थकल्यावर माझं मलाच ऐकू आलं, की मी काय मागते आहे. माझं खोटं पचू दे, असं मी देवाला म्हणत होते. देवानं माझ्या लबाडीवर शिक्का मारावा म्हणून मी तिथवर गेले होते. कुठून आवाज आला नाही, फूल पडलं नाही, काही नाही. फक्त मागणं आपोआप बंद झालं. मी हात जोडले आणि म्हणाले, मला यातलं काही जमत नाही, तुला जे करायचं ते कर. मालक गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळी रडले.

परतताना आष्ट्याला गाडी बदलायची होती. इस्लामपूरची गाडी समोर उभी होती, आणि मी तिच्यात चढले नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. उन्हाची तशीच चालत मी त्या रस्त्याला लागले, जिथं जीप बंद पडली होती ते रान शोधत. रान मोकळं होतं, धनगर कधीच पुढं गेले होते. लेंड्यांचा थर तेवढा शिल्लक होता. जवळच्या गावात जाऊन पोलीस पाटलाचं घर विचारलं. गावातल्या बऱ्यावाईटाची खबर याच माणसाकडं असते, म्हणून म्हटलं, बघू तरी. पाटील म्हातारे होते, सोप्यात बसून शेंगा फोडत होते. मी पदर पुढं ओढून सगळं खरं सांगितलं, कळशीपासून अंगठ्यापर्यंत. इतक्या महिन्यांत जे कुणापुढं बोलले नव्हते, ते एका अनोळखी माणसापुढं बोलले. ऐकून झाल्यावर पाटील आत गेले आणि एक वही घेऊन आले.

त्या वहीत माझ्या मालकांचं नाव होतं. गाव, धंदा, मिरजेहून घरी नेत असता जीपगाडीत मरण, तारीख, दिवस मावळतीला कासराभर असतानाची वेळ, खाली धनगराचा अंगठा आणि गावातल्या दोघांच्या सह्या. त्याच संध्याकाळी वर्दी दिली गेली होती आणि तिथून गावच्या मृत्यूच्या रजिस्टरात नोंदही झाली होती. मी ते नाव बघतच राहिले. पाटील म्हणाले, "मेंढरावाल्यांची रीतच हाय ही. त्यांच्या मेंढरांच्या वाड्यापाशी काय बी झालं की पयला आळ त्यांच्यावर येतो. म्हनून तो भिऊन दिस बुडायच्या आत आला माझ्याकडं." बस, एवढंच होतं. एक परका माणूस आपल्या भीतीपोटी आला आणि माझ्यासाठी खरं लिहवून ठेवून गेला. मी खोटं सांगत होते तेव्हा, त्याच दिवशी, तिथं खरं लिहिलं जात होतं. याला कोण काय म्हणेल ते म्हणो. मी तिथं सोप्यातच खाली बसले. पाटलांच्या सुनेनं गुळपाणी आणून दिलं.

घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा त्यांच्यासमोर बसून सांगितलं. आढेवेढे घेतले असते तर धीर सुटला असता, म्हणून एकदम सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "मग पाणी कुणी घातलं?"

"एका धनगरणीनं."

"गिळलं का त्यानं?"

"ठाव न्हाई, आत्याबाई. मी तिथं नव्हते."

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. जावेनं पाय धरले, मी पाय धरले. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या वेळी देवाला काही मागितलं नाही. मागायचा हक्क आपल्याला नाही असं वाटलं, म्हणून नुसती त्यांच्या उशापाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या, तोंड धुतलं, चहा मागितला आणि म्हणाल्या, "त्या सायबाला बोलीव. अंगठा पुन्हा उठवते. आन् त्या बाईला लुगडं न्यायचं हाय. आपल्या घरचं मरान तिच्या मांडीवर झालं." त्या दिवशी मला कळलं, की मी ज्यांना जपत होते त्या माझ्यापेक्षा कितीतरी खंबीर होत्या. मी त्यांना जपत नव्हते, माझ्याच कळशीचा अपराध झाकत होते.

छत्रीवाले साहेब पुन्हा आले. त्या गावचा दाखला बघितला, मी लिहून दिलेलं सगळं वाचलं, आत्याबाईंचा नवा जबाब घेतला. आमच्या गावची चुकीची नोंद रद्द करायला तहसीलला खेटे पडले, पण भावजींवर काही बालंट आलं नाही. साहेब जाताना आत्याबाईंच्या पाया पडले, हे मात्र मला अजून आठवतं. पैसे आले ते श्रावणात. जावेच्या भावाचं लग्न तेव्हा होऊन गेलं होतं. ती काचेच्या बांगड्या घालून गेली आणि घरात सुतकाचं वर्ष आहे म्हणून दागिने घातले नाहीत, असं माहेरी सांगून मोकळी झाली. चेक वटला त्याच दिवशी मी इस्लामपूरला जाऊन पाटल्या आणि बोरमाळ सोडवून आणली. तिच्या हातात पाटल्या मी माझ्या हातानं चढवल्या. ती हसत होती आणि मीच रडत होते. म्हणाली, "आक्का, आता ह्या रडण्यानं पाटल्या गंजतील बघा." सोनं गंजत नाही, हे तिलाही ठाऊक होतं, पण त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी थट्टा केली.

वर्ष फिरून पुन्हा पौष आला तसं पोलीस पाटलांचं कार्ड आलं, की मेंढरं त्याच रानात बसली आहेत. आत्याबाईंनी इस्लामपूरच्या बाजारात स्वतः हिरवं लुगडं आणि खण निवडला. मी, जाऊ आणि त्या, अशा तिघी गेलो. म्हातारी पालापुढं भाकरी थापत होती. तिनं मला ओळखलं नाही, पण जीपगाडी म्हटल्यावर लगेच हात पुसून उठली. लुगडं बघून मात्र मागं सरली. पाण्याचं कुणी घेतं व्हय, म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, पाण्याचं नव्हे, बहिणीनं बहिणीला नेसवायचं आहे. मग त्या दोघी समोरासमोर जमिनीवर बसल्या. आत्याबाईंनी तिचा हात धरला आणि इतके महिने मनात ठेवलेलं विचारलं, "पानी पिलं का गं माझ्या लेकरानं?"

"पिलं की. दोन घोट पिलं. तिसरा न्हाई ग्येला," म्हातारी म्हणाली. मग तीच पुढं म्हणाली, "डोळं मिटल्यालं हुतं. मला आये म्हनलं. म्या म्हनलं, व्हय बाळा, हाय मी हितंच."

आत्याबाईंनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या खांद्यावर डोकं टेकताना बघितलं नव्हतं. मी आणि जाऊ बाजूला जाऊन उभ्या राहिलो. मेंढरांचा आवाज चालू होता, म्हातारीची भाकरी तव्यावर करपली. मी ज्या मांडीवरून मालकांचं डोकं ओढून घेतलं होतं, त्या मांडीला हात लावून मी नमस्कार केला. तिला काय समजलं कोण जाणे, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी दत्ताला म्हणत होते, तू घोटभर पाणी दिलं नाहीस. त्यानं ते दिलं होतं. हाक मारली तर ओ द्यायला माणूसही ठेवला होता. मी फक्त तिथं नव्हते, आणि जिथं मी नसते तिथं काहीच चांगलं होत नाही, असा माझा समज होता. तो समज त्या रानात गळून पडला. आता मी दिवा लावते तेव्हा मागत काही नाही. जे माझ्या हातून होणार नाही ते कुणाच्या तरी हातून होईल, एवढं म्हणते आणि उठते. आत्याबाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. दुखवट्याचा विषय निघाला की त्या शेवटपर्यंत सांगत, पण आता वेगळं सांगत. म्हणत, "माझ्या हातचं न्हाई, त्या धनगर आयेच्या हातचं पानी पिऊन गेला माझा ल्योक." आणि हे सांगताना त्यांचा आवाज कधी कापला नाही.